पाच आयतांचं कार्डिगन: क्रोशे नव्यानं हाती घेणाऱ्यांसाठी

आपल्याकडच्या बऱ्याच घरांत क्रोशे आलं ते सुती धाग्यातून. टीपॉयवरचा रुमाल, दारावरचं तोरण, बाळाचं टोपडं. त्या कामाला बारीक सुई आणि घट्ट हात लागतो, टाका सैल पडला तर नक्षी बिघडते. ज्यांनी आई-आजीकडून हे थोडंफार शिकून घेतलंय, त्यांचं पहिलं कार्डिगन बहुधा याच सवयीमुळे पुठ्ठ्यासारखं कडक होतं. अंगात घालायच्या कपड्याला सुळसुळीत पडणारं विणकाम हवं, आणि त्यासाठी जाड हुक आणि सैल हात. ज्यांनी कधीच क्रोशे केलं नाही त्यांना इथे थोडा फायदाच आहे, मोडावी लागेल अशी सवयच नाही.

दुसरी गोष्ट आधीच सांगून टाकते: या कार्डिगनमध्ये टाका एकच आहे आणि आकारही एकच, आयत. एक पाठ, दोन समोरचे भाग, दोन बाह्या. अवघड काही असेल तर ते मोजणं. नीट मोजणाऱ्या नवख्या बाईचं कार्डिगन, न मोजणाऱ्या तरबेज बाईच्या कार्डिगनपेक्षा अंगावर चांगलं बसतं.

सामान

लोकर अशी घ्या की लेबलवर सुईचा आकार ५ ते ६ मि.मी. छापलेला असेल. आपल्या दुकानांत सहज मिळते ती ॲक्रिलिक, आणि पहिल्या कार्डिगनला तीच बरी. स्वस्त असते, घरी धुता येते, उसवून पुन्हा विणली तरी तक्रार करत नाही. शुद्ध लोकर ऊबदार खरी, पण गरम पाण्यात चोळली की आटते आणि आटलेली परत येत नाही. मुंबई-कोकणात राहणाऱ्यांनी सुती किंवा सुती-ॲक्रिलिक मिश्र धागा घ्यावा. मात्र सुती कापड जड होतं आणि वजनानं लांबतं, म्हणून लांबी थोडी कमी ठेवायची. रंग फिका किंवा मध्यम. काळ्या आणि गडद निळ्या लोकरीत रात्री दिव्याखाली टाके दिसत नाहीत. केसाळ, गुबगुबीत लोकर दुकानात मोह पाडते, पण तीही सध्या नको. तिच्यात टाका सापडत नाही आणि उसवायला गेलं की केस एकमेकांत अडकतात.

पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठ, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर इथे लोकर हाताळून घेता येते. ऑनलाइन घेणार असाल तर आधी एकच गुंडा मागवा. कुठूनही घ्या, लेबलवरचा डाय लॉटचा, म्हणजे एकत्र रंगवलेल्या मालाचा, आकडा सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना हे बघा. वेगळ्या लॉटमधला तोच रंग दुकानात सारखा दिसतो आणि पाठीवर मधोमध पट्टा होऊन उमटतो.

हुक ६ मि.मी.चा. घरातली जुनी स्टीलची बारीक सुई यासाठी चालणार नाही. ॲल्युमिनियमचा, मऊ मुठीचा हुक मिळाला तर उत्तम, कारण एकूण साधारण ११,००० टाके घालायचे आहेत आणि मनगटाला त्याचा हिशोब द्यावा लागतो. जोडीला ६.५ मि.मी.चा एक हुक, मोजपट्टी, कात्री, मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि डझनभर सेफ्टी पिना. टाक्यांच्या खुणेसाठी मार्कर म्हणून जे विकतात त्याचं काम पिनाही करतात.

एकच टाका: अर्धा खांब

क्रोशेच्या टाक्यांपैकी मुका खांब दाट आणि ताठ, पूर्ण खांब उंच आणि जाळीदार. या दोघांच्या मधला अर्धा खांब कार्डिगनला सर्वांत योग्य. भराभर वाढतो, वारा अडवतो आणि लोंबतही नाही. शिवाय पुढे-मागे वळून विणला की कापडाच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, म्हणजे समोरचा डावा भाग आणि उजवा भाग वेगळे विणायला नकोत.

सरकगाठ घालून हुकवर घ्या आणि हुकनं धागा ओढत साखळी घाला. पाहिजेत तितक्या टाक्यांपेक्षा एक साखळी जास्त. आता हुकवर धाग्याचा एक वेढा घ्या, हुकपासूनच्या दुसऱ्या साखळीत हुक घाला, धागा पकडून बाहेर ओढा. हुकवर तीन लूप दिसतील. पुन्हा धागा पकडा आणि तिन्ही लूपमधून एकदम ओढून घ्या. झाला एक अर्धा खांब. तिसऱ्या लूपमधून हुक निघता निघत नसेल तर धागा बोटावर फार आवळलाय. बाहेर ओढलेला लूप थोडा उंच ठेवायचा. हुकच्या मानेजवळच्या निमुळत्या भागावर नाही, जाड दांड्यावर.

ओळ संपली की एक साखळी घाला, काम उलटा, आणि अगदी पहिल्या टाक्यातच पुढचा अर्धा खांब घाला. वळणाची ही साखळी टाका म्हणून मोजायची नाही. बऱ्याच व्हिडिओंत दोन साखळ्या घालून ती पहिला टाका धरतात. चूक नाही, पण नवख्या माणसाचे टाके तिथेच गळतात किंवा वाढतात, आणि आयताचा होता होता समलंब चौकोन होतो. पहिल्या आणि शेवटच्या टाक्यात पीन अडकवा, दर ओळीला ती वर सरकवत न्या. सुरुवातीच्या दहा ओळी तरी प्रत्येक ओळीचे टाके मोजा. कंटाळवाणं आहे, पण चाळीस ओळी उसवण्याइतकं नाही.

परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांसाठी एक इशारा. अमेरिकेतली बाई ज्याला सिंगल क्रोशे म्हणते, त्याच आपल्या मुक्या खांबाला इंग्लंडमधली बाई डबल क्रोशे म्हणते. आपला अर्धा खांब अमेरिकेत हाफ डबल, इंग्लंडमध्ये हाफ ट्रेबल. नमुना कुठला आहे ते बघितल्याशिवाय सुरू करू नका, नाहीतर कापडाची उंचीच वेगळी येईल.

नमुन्याचा चौकोन

हा टप्पा सगळ्यांना गाळावासा वाटतो आणि सगळं काम यावरच उभं आहे. २० साखळ्या घालून १९ टाक्यांचा, साधारण १५ सें.मी. उंचीचा चौकोन विणा. धुवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सपाट वाळवा. कार्डिगनही पुढे धुतलं जाणार आहे. न धुतलेल्या चौकोनाचं माप घेऊन काय उपयोग? वाळल्यावर मधल्या भागात १० सें.मी.त आडवे किती टाके आणि उभ्या किती ओळी येतात ते मोजा. कडा धरू नका, त्या ओढलेल्या असतात.

पुढचा सगळा हिशोब १० सें.मी.त १२ टाके आणि ९ ओळी असा धरला आहे. तुमचे १४ टाके येत असतील तर हात घट्ट आहे, हुक अर्ध्या मि.मी.नं मोठा घ्या. १० येत असतील तर लहान. मुद्दाम सैल किंवा घट्ट विणून आकडा जुळवू नका; दुसऱ्या दिवशी हात आपल्या मूळ वळणावर जातो. टाके जुळले आणि ओळी थोड्या इकडेतिकडे झाल्या तर चिंता नाही, तिथे मोजपट्टी लावून विणायचं.

याच चौकोनावरून लोकर किती लागेल तेही कळतं. तो वजनकाट्यावर ठेवा. आपल्या कार्डिगनचं एकूण क्षेत्रफळ येतं साधारण १०,२०० चौ. सें.मी., आणि १५ बाय १५ चा चौकोन २२५ चौ. सें.मी.चा, म्हणजे असे सुमारे ४५ चौकोन. चौकोन १५ ग्रॅमचा भरला तर ६७५ ग्रॅम. त्यावर शिवणी, टोकं आणि उसवाउसवीसाठी दहा टक्के धरले की ७५० ग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅमचे आठ गुंडे घ्या. उरला तर टोपी होते, कमी पडला तर तो डाय लॉट पुन्हा मिळेलच असं नाही.

माप

उदाहरणासाठी छाती ९० सें.मी. धरू. त्यात २० सें.मी. मोकळीक मिळवली की ११०, त्याच्या निम्मं ५५ सें.मी. ही पाठीची रुंदी. १० सें.मी.ला १२ टाके, म्हणजे ६६ टाके. मानेसाठी मागे १५ सें.मी., म्हणजे १८ टाके, सोडायचे. उरलेल्या ४८ टाक्यांचे दोन भाग, समोरचा प्रत्येक भाग २४ टाक्यांचा.

छातीचं माप १० सें.मी.नं वाढलं की पाठीला ६ आणि समोरच्या प्रत्येक भागाला ३ टाके वाढवा. कमी झालं तर तेवढेच कमी. मानेचे १८ तसेच. मात्र पाठ रुंद झाली की खांद्याची शिवण दंडावर आणखी खाली उतरते, म्हणून दर १० सें.मी.मागे बाही अडीच सें.मी.नं आखूड करायची. हे विसरलं की बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत येतात.

पाठ आणि समोरचे भाग

पायाची साखळी ६.५ मि.मी.च्या हुकनं घाला आणि पहिल्या ओळीपासून ६ मि.मी.चा घ्या. साखळी नेहमी टाक्यांपेक्षा घट्ट पडते आणि कार्डिगनचा खालचा घेर आत ओढला जातो; अर्ध्या मि.मी.चा फरक तो ताण काढून टाकतो. पाठीसाठी ६७ साखळ्या, त्यावर ६६ अर्धे खांब, एकूण ५४ ओळी. उंची ६० सें.मी. भरेल. आखूड हवं असेल तर ओळी कमी करा, पण किती ओळी केल्या ते कागदावर लिहा. समोरच्या भागांची उंची पाठीशी तंतोतंत जुळली पाहिजे, आणि ती मोजपट्टीनं नाही, ओळी मोजून जुळवायची.

खरं सांगायचं तर समोरचा एक भाग आधी विणलेला बरा. २५ साखळ्या, २४ टाके, ५४ ओळी. तो छोटा असल्यानं हात बसेपर्यंतचा ओबडधोबडपणा त्यात निघून जातो, आणि पाठ विणेपर्यंत टाके एकसारखे पडायला लागतात. मग दुसरा भाग विणून पहिल्याशेजारी ठेवा. पहिला फारच वेगळा दिसत असेल तर तो आत्ता पुन्हा विणता येतो.

नवा गुंडा नेहमी ओळीच्या टोकाला जोडा. ओळीतल्या शेवटच्या टाक्याचे तीन लूप हुकवर असताना जुना धागा सोडून नव्या धाग्यानं ते ओढून घ्यायचे, दोन्ही टोकं १५ सें.मी. लांब ठेवायची. गाठ मारू नका. गाठ कधीतरी सुटते, आणि सुटेपर्यंत पाठीला टोचत राहते. टोकं शेवटी बोथट सुईनं टाक्यांच्या आतून एकदा एका दिशेला आणि मग उलट दिशेला फिरवून लपवायची.

पाठीपासून खांद्यावरून पुढे तसंच समोर विणत नेता येतं, खांद्याला शिवणच नको, असंही काही नमुने सांगतात. शिवण टाळायला मिळते म्हणून आकर्षक वाटतं. माझं मत विरुद्ध आहे. एवढ्या कापडाचं सगळं वजन खांद्यावर पडतं आणि तिथे शिवणीची घट्ट रेघ नसेल तर महिन्याभरात खांदे दंडावर लोंबतात.

बाह्या

बाही वरून खाली विणायची. ४९ साखळ्या, ४८ टाके, ३६ ओळी सरळ. ४० सें.मी. घेराची ही नळी मनगटाशी एकदम आवळायची: पुढच्या ओळीत प्रत्येक वेळी दोन टाक्यांचा एक करा. पहिल्या टाक्यात वेढा घेऊन धागा ओढला की तीन लूप होतात. ते न सोडता पुन्हा वेढा घेऊन दुसऱ्या टाक्यातून धागा ओढा, आता पाच लूप, पाचांतून एकदम बाहेर. ओळ संपेल तेव्हा २४ टाके उरलेले असतील. ही ओळ धरून एकूण चार ओळी मनगटाच्या करा. फुगीर बाही आणि घट्ट मनगट असा आकार येतो. हळूहळू टाके कमी करत निमुळती बाही करण्याची कटकट वाचते. स्वयंपाकघरात वावरताना ही बाही कोपरापर्यंत सरकवली की तिथेच थांबते.

दंड भरलेला असेल तर दंडाच्या घेरात १० ते १२ सें.मी. मिळवा, त्याचे किती टाके होतात ते मोजा आणि चाराच्या पटीत आणा. पट का, ते जोडताना कळेल.

जोडणी

पाचही भाग ओले करून, टॉवेलात दाबून, चादरीवर मापात पसरून वाळवा. वळलेल्या कडा सरळ होतात आणि शिवण निम्मी सोपी होते. ॲक्रिलिकला इस्त्री लावू नका. उष्णतेनं धागा मरतो, त्यातली उसळी कायमची जाते.

समोरचे दोन्ही भाग पाठीवर ठेवा, बाहेरच्या कडा जुळवा, मध्ये मानेचे १८ टाके मोकळे. खांदे बोथट सुईनं टाक्याला टाका जुळवून शिवा, दोन्ही बाजूंना २४-२४. खांद्याची शिवण घट्ट, बाकीच्या सैल.

आता खांद्याच्या शिवणीपासून पुढे १८ आणि मागे १८ ओळी मोजून पिना लावा. हा बाहीचा घेर, ३६ ओळींचा. बाहीला टाके आहेत ४८. आपल्या मापात एक ओळ साधारण १.१ सें.मी. उंच आणि एक टाका ०.८ सें.मी. रुंद, म्हणून ३ ओळींवर ४ टाके नेमके बसतात. बाहीचा मध्य खांद्याच्या शिवणीवर पिनेनं लावा, दोन्ही टोकं पिनांशी, आणि ३ ओळींना ४ टाके या हिशोबानं शिवत जा. चाराची पट त्यासाठी. यानंतर मनगटापासून काखेपर्यंत आणि तिथून खाली घेरापर्यंत एकच लांब शिवण, दोन्ही बाजूंना.

कॉलरची पट्टी

इथपर्यंत आलेलं कार्डिगन अंगात घालून बघितलं तर निराशा होते. समोर १५ सें.मी. फट असते आणि सगळं पोत्यासारखं लटकतं. घाबरू नका. पट्टी लागली की तेच कापड कपड्यासारखं दिसायला लागतं.

सुलट बाजू आपल्याकडे ठेवून, घालणाराच्या उजव्या समोरच्या भागाच्या खालच्या टोकापासून धागा जोडा. उभ्या कडेवर पुन्हा तोच हिशोब, ३ ओळींमागे ४ टाके, म्हणजे ५४ ओळींवर ७२. मग मानेचे १८, मग दुसऱ्या बाजूनं खाली ७२. एकूण १६२. दुसऱ्या ओळीपासून टाका खालच्या टाक्याच्या माथ्यावरच्या दोन्ही लूपखालून न घालता फक्त मागच्या लूपमध्ये घाला. पट्टीवर लांब सरळ रेघा उठतात आणि ती थोडी लवचीक होते. समोरचा भाग आणि मान जिथे मिळतात त्या दोन कोपऱ्यांत एक ओळ सोडून एक ओळीत दोनाचा एक करा, म्हणजे कॉलर मानेलगत बसेल. सात ओळींत पट्टी पावणेआठ सें.मी. रुंद होते आणि दोन्ही बाजूंच्या मिळून मधली फट भरून काढतात. मागे ती वळवली की शालीसारखी कॉलर तयार.

पहिली ओळ झाल्यावरच कार्डिगन टेबलावर पसरून बघा. कडेला लाटा आल्या असतील तर टाके जास्त उचललेत. पुढचा घेर पाठीपेक्षा वर ओढला जात असेल तर कमी. सात ओळी करून मग उसवण्यापेक्षा एक उसवलेली परवडते.

बटणं लावायची तर हलकी, लाकडी किंवा नारळाच्या करवंटीची. काज विणायची गरज नाही, अर्ध्या खांबांच्या मधून पुरेशी फट मिळते. खिसे हवे असतील तर १८ टाके, १५ ओळींचे दोन तुकडे विणून समोर शिवा. त्यात रुमाल ठेवा, मोबाइल नको, समोरचा भाग एका बाजूला ओघळतो.

हे सगळं करताना बाजारातल्या स्वस्त क्रोशे टॉपांकडे नजर गेली तर एक लक्षात ठेवा: खरं क्रोशे यंत्रावर होत नाही. तिथेही कुणीतरी असेच हजारो टाके हातानं घातलेले असतात. छापील किंमत बघून त्या हाताला किती मिळालं असेल याचा अंदाज बांधता येतो.

धुणं आणि ठेवणं

कोमट पाण्यात सौम्य साबण, थोडा वेळ भिजवून हलकेच दाबायचं, पिळायचं नाही. ओलं कार्डिगन उचलताना दोन्ही हातांनी खालून आधार द्या. दांडीवर टांगून वाळवलं तर बाह्या गुडघ्यांना लागतील. सावलीत, चटईवर किंवा कपड्यांच्या स्टँडच्या सपाट जाळीवर पसरा. कपाटातही हँगरला नको, घडी करून ठेवा. शुद्ध लोकरीचं असेल तर धुतल्याशिवाय पावसाळ्यात आत टाकू नका, कसर मळक्या लोकरीवर आधी बसते.

अंगठी किंवा दाराची कडी अडकून लूप बाहेर आला तर तो कापायचा नाही. बोथट सुईनं शेजारचे टाके एकेक करून सैल-घट्ट करत तो मूळ जागी पसरवून द्यायचा, काही राहिलं तर टोक आतल्या बाजूला ओढून घ्यायचं. लोकरीचं लेबल आणि उरलेला छोटा गुंडा एका पाकिटात घालून कार्डिगनबरोबरच ठेवा. कोपर विरलं की तोच धागा लागतो.